पंपासोबत ताकदीच्या गोळ्या: बाळदम्यात खरंच उपयोग होतो का?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही सेलू तालुक्यातले, शेती कापूस-तुरीची. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. मागचे दोन-तीन हिवाळे दिवाळी सरली की त्याची छाती भरते. रात्री उठून बसतो, घरघर सुरू होते, पोट उडायला लागतं. परभणीच्या डॉक्टरांनी बाळदमा सांगितला. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा एक पंप दिलाय, आणि दम लागला तरच घ्यायचा निळा पंप वेगळा.

आता नात्यातल्या एका भाऊजींनी किट आणून दिलाय. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, मॅग्नेशियम-झिंकची पावडर आणि मधमाश्यांच्या परागकणांची एक डबी. महिन्याला साडेतीन हजार रुपये. भाऊजी म्हणतात, पंपासोबत सुरू करा, तीन महिन्यांत पंप सुटतो. सासूबाईंना पंपाची फार धास्ती आहे, त्यामुळे त्यांना हे लगेच पटलं.

पंप मी बंद करणार नाही, ते माझं ठरलंय. पण पंप चालू ठेवून वरून हे दिलं तर दमा कमी होतो का? नुकसान तर नाही ना? कुणी लेकरांना दिलं असेल तर सांगा. यंदा कापसाला भाव नाही, साडेतीन हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही.

बिंदुसरा

आमच्या पुतणीला वर्षभर ड जीवनसत्त्वाची पुडी दिली. तिचे पाय दुखायचे ते थांबलं. दमा होता तसाच. वाचतेय, जाणकारांनी लिहा.

निरोगी_जालना

मी अशीच उत्पादनं विकतो, आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी काढायला नको. पण माझा विश्वास आहे म्हणून विकतो. २०१६ साली कॉक्रेनचा आढावा आला होता, त्यात ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांना दम्याचे मोठे झटके कमी आले असं स्पष्ट म्हटलंय. कॉक्रेन म्हणजे जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणारी स्वतंत्र संस्था, कुणा कंपनीची जाहिरात नव्हे. आपल्याकडं उन्हात राहूनही निम्म्या लोकांच्या अंगात ड कमी निघतं. शरीरात कमी असेल ते भरून काढलं तर बरं वाटणारच ना? पंप बंद करा असं मी कुणालाही सांगत नाही. पण डॉक्टर लोक आहाराचं नावच काढत नाहीत, तिथं माझा आक्षेप आहे.

शिशुकक्ष

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नांदेडला. ताई, तुमच्या किटमधल्या एकेका वस्तूबद्दल लिहितो. जरा लांब होईल.

आधी ड जीवनसत्त्व. जालनेकरांनी २०१६ चा आढावा सांगितला तो खरा आहे. पण त्या निष्कर्षाचा बराचसा आधार मोठ्या माणसांच्या चाचण्यांवर होता, आणि तसं त्याच आढाव्यात लिहिलेलं आहे. त्यानंतर नव्या चाचण्या आल्या. अमेरिकेत ६ ते १६ वर्षांची, दमा असलेली आणि रक्तात ड कमी असलेली १९२ मुलं घेतली. म्हणजे ज्यांना फायदा व्हायची शक्यता सगळ्यात जास्त, तीच. निम्म्यांना रोज ४००० युनिट, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी, ४८ आठवडे. पंप सगळ्यांना चालूच. रक्तातलं ड वाढलं, मोठे झटके काही कमी झाले नाहीत. फायदा दिसायची आशा उरली नाही म्हणून चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली. हे २०२० मध्ये छापून आलं. मग कॉक्रेनने २०२३ मध्ये आपलाच आढावा पुन्हा केला, २० चाचण्या घेऊन, आणि झटके कमी होत नाहीत असं सांगितलं. ज्या दाराने ती आशा आली होती त्याच दाराने ती परत गेली.

याचा अर्थ ड देऊच नये असा नाही. लेकराच्या अंगात कमी असेल तर हाडांसाठी द्या, जरूर द्या. एक वर्षावरच्या मुलाला दिवसाला ६०० युनिटच्या आसपास लागतं. दम्याच्या नावाखाली ते कुणी विकलं तर मात्र घेऊ नका.

माशाच्या तेलाचं असं की डेन्मार्कमध्ये गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत ते दिलं, तेव्हा त्यांच्या मुलांमध्ये दमा आणि घरघर कमी आढळली (२०१६). ते गरोदरपणातलं झालं. दमा जडलेल्या आठ वर्षांच्या मुलाला तेवढ्यावरून काही सांगता येत नाही. वजन जास्त असलेल्या आणि दमा आटोक्यात नसलेल्या किशोर-तरुणांना सहा महिने माशाचं तेल देऊन बघितलंय, फरक पडला नाही.

मॅग्नेशियमचं नाव दम्याशी जोडलं जातं कारण आम्ही दवाखान्यात ते शिरेतून देतो, झटका फार मोठा असेल आणि बाकी औषधांना दाद देत नसेल तेव्हा. त्याचा उपयोग होतो. पण पावडर खाऊन तसं होत नाही. झिंकची कमतरता असेल तर झिंक द्यावं, दम्याचा इलाज म्हणून नाही.

परागकणांची डबी मात्र आजच बाजूला काढा. मधमाश्यांचे परागकण आणि रॉयल जेली (मधमाश्या राणीमाशीला भरवतात तो रस) यांनी दमेकऱ्यांना जिवावर बेतणारी ॲलर्जी झालेली आहे. ऑस्ट्रेलियात रॉयल जेलीने दमा असलेल्या माणसांचे मृत्यू झाले, त्यानंतर तिथं डब्यावर दमेकऱ्यांसाठी इशारा छापणं सक्तीचं झालं.

दुधनाकाठ

डॉक्टर, डबी बाजूला काढली. दोन दिवस अर्धा-अर्धा चमचा दिला होता, काही त्रास झाला नाही. आता देत नाही.

निरोगी_जालना

२०२३ चं मला माहीत नव्हतं, वाचतो. परागकण मी विकत नाही. पण डॉक्टर, झटके कमी होत नसतील तरी लेकरू सशक्त झालं तर आजाराशी झुंजायला बळ येतंच की. हे कोणत्या चाचणीत मोजतात?

शिशुकक्ष

मोजतात. रात्री खोकून उठणं, खेळताना दम लागणं, शाळा बुडणं, फुंकण्याची ताकद, सगळं बघतात. दम्यात श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि नळी चटकन आवळते. अंगातली ताकद वाढवून ती सूज उतरत नाही. पंपातल्या औषधाने उतरते.

मांजराकाठ

मी लातूरचा, सोयाबीनवाला. आमच्याकडं सोयाबीनच्या गोळ्याही दम्यावर म्हणून कुणीतरी विकायलं होतं, म्हणून शोधलं होतं. अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या, दमा आटोक्यात नसलेल्या लोकांना सोयाबीनमधला अर्क २४ आठवडे देऊन बघितला. फुप्फुसाच्या कामात काही फरक नाही. २०१५ ची गोष्ट.

पण शोधता शोधता जे सापडलं ते मी कधी विसरणार नाही. स्पेनमध्ये बार्सिलोना बंदर आहे. तिथं १९८१ ते १९८७ मध्ये मधूनच असा एखादा दिवस यायचा की शहरातले दवाखाने एकदम दमेकऱ्यांनी भरून जायचे. कुणाला कळेना कामून. हवा तपासली, धूर तपासला. शेवटी लक्षात आलं की ज्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवलं जातं त्याच दिवशी हे होतं. एका साठवण टाकीला धूळ अडवायची गाळणीच नव्हती, टरफलाची भुकटी वाऱ्यावर शहरात जायची. गाळणी बसवली आणि ते झटके थांबले.

आता आपल्याकडं दसऱ्याच्या आगंमागं काय असतं? प्रत्येक शिवारात मळणीयंत्र, आणि लेकरं ढिगाऱ्यावर उड्या मारायला. ज्या लेकराला दमा आहे त्याला त्या दिवशी मामाच्या गावाला धाडा. सोयाबीन पोटात जाऊन दमा बरा होत नाही, नाकात जाऊन मात्र उठतो.

पैठणी

मांजराकाठ, हे भारी लिहिलंत. वाचनखूण साठवली.

आसना

अवांतर होईल पण राहवत नाही. नांदेडहून दर मृगाला हैदराबादच्या गाड्या भरून जातात. जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात औषध भरून तो मासा गिळायला लावतात, शाकाहारी असाल तर गुळातून देतात. माझ्या थोरल्या भावाला लहानपणी आई घेऊन गेली होती. पुढच्या थंडीत दम लागायचा तो लागलाच. आई म्हणायची पथ्य मोडलं म्हणून. कोजागिरीला खिरीतून औषध देणारेही पुष्कळ आहेत, रात्रभर चांदण्यात बसवून. माझं एवढंच म्हणणं की श्रद्धेने जायचं तर जा, पण खिशात निळा पंप असू द्या. त्या गर्दीत आणि थंडीतच लेकराला धाप लागते.

बालाघाट

आसना +१.

बीडकडचं एक सांगतो. इथं साडेतीन हजाराच्या किटची चर्चा चालू आहे, आणि आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीला निम्मं गाव ऊस तोडायला जातं. कोपीत चूल, तिथंच झोपायचं, वर पाचट जाळल्याचा धूर. लेकराला दमा असेल तर सहा महिने तो त्या धुरात. डॉक्टर कारखान्याच्या गावाला, भाषा कधी कन्नड. मी आशाताईंसोबत काम करतो. जायच्या आधी आम्ही आई-बापाला तीन गोष्टी गाठोड्यात बांधून देतो: पंप पुरेल इतके, स्पेसर (पंपाला जोडून श्वास घ्यायची प्लॅस्टिकची पोकळ नळी), आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत. सरकारी दवाखान्यात पंप मागा, नाही मिळाला तर जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतो. ताकदीची पावडर घेतलेली आणि रोजचा पंप परवडत नाही म्हणून सोडलेला, अशी घरं मी बघितलीत. त्याचा मला फार राग येतो. पैसा एकदाच असतो, तो कुठं जातो ते महत्त्वाचं.

गोळीवाला

औषध दुकान आहे माझं, हिंगोलीत. दोन गोष्टी.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, अशी असते. लोक चिठ्ठी जपून ठेवतात आणि वर्षभर नेत राहतात. वरून किटमधली गोळी, वरून दुधात घालायची पावडर, त्यातही ड. तिन्हींची बेरीज कुणी करत नाही. ड लघवीतून निघून जात नाही, अंगात साचतं. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मुतखडा. चार ते आठ वर्षांच्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ३००० युनिटच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे.

दुसरं. नाव नसलेली, कागदात बांधलेली पुडी, जिने लेकराचा दम दुसऱ्याच दिवशी साफ थांबतो, भूक वाढते, तोंड गोल होतं, अशी पुडी दिसली की सावध व्हा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइडची, म्हणजे सूज उतरवणाऱ्या जोरदार औषधाची, गोळी कुटून घातलेली अनेकदा सापडलीय. पंपातल्या स्टेरॉइडला घाबरायचं आणि पुडीतलं कितीतरी पट जास्त स्टेरॉइड रोज खाऊ घालायचं, असं व्हायलंय.

हरबरा

पंपाची सवय लागते म्हणतात ते?

शिशुकक्ष

सवय लागत नाही. सासूबाईंना असं सांगून बघा. या वयाच्या मुलाला पंपातून दिवसाला साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध देतो. मोठा झटका आला की त्याच जातीचं औषध तोंडाने द्यावं लागतं, २५ किलोच्या मुलाला २५ मिलिग्रॅम किंवा जास्त. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपाच्या शंभर पटीहून अधिक, तेही सगळ्या अंगात. रोजचा पंप त्या मोठ्या डोसाची पाळी टाळतो.

लपवाछपवी नको म्हणून हेही लिहितो: पंपाचा उंचीवर थोडा परिणाम होतो. अमेरिकेतल्या एका चाचणीतली मुलं मोठी होईपर्यंत मोजली, रोज पंप घेणाऱ्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणून आम्ही कमीत कमी डोस ठेवतो, दर भेटीत उंची मोजतो, दमा काही महिने शांत राहिला की डोस उतरवतो. उतरवायचं ते डॉक्टरांनी, किट आलाय म्हणून नव्हे.

पैठणी

माझी आजी मामाला धाप लागली की कोरा कडक चहा द्यायची. त्यात काही तथ्य?

शिशुकक्ष

थोडं आहे. चहा-कॉफीतलं कॅफीन आणि दम्यासाठी पूर्वी सर्रास दिलं जाणारं थिओफिलीन ही एकाच कुळातली. श्वासनळी किंचित सैल होते. पण लेकराला चहा पाजत बसून दवाखान्याला उशीर करू नका.

चहाटळ

एवढ्या मोठ्या धाग्यात माझ्या बाजूने कुणीतरी बोललं. आजींना साष्टांग दंडवत, एक कप इकडंही पाठवा.

गुरुजी_कळमनुरी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पालकांनो, दमा आहे हे वर्गशिक्षकाला सांगा. लोक लपवतात, मुलीचं असेल तर जास्तच, पुढं लग्नाला अडचण येईल म्हणून. माझ्या वर्गात एक मुलगी कबड्डी खेळताना खाली बसली, ओठ निळे पडायलेत, आणि पंप तिच्या घरी कपाटात. शेजारच्या शिक्षिकेच्या पर्समध्ये स्वतःचा निळा पंप होता म्हणून निभावलं. आता कार्यालयात एक डबा केलाय, त्यात ज्या त्या लेकराचा पंप नाव लिहून ठेवतो.

आणि खेळ बंद करू नका. दमा आहे म्हणून कोपऱ्यात बसवलेली लेकरं बघवत नाहीत.

सीताफळ

केळी, दही, पेरू, भात सगळं बंद केलंय आम्ही मुलीचं. कफ होतो म्हणून. बरोबर ना?

शिशुकक्ष

एखादी वस्तू खाल्ली की दर वेळी अंगावर गांधी उठतात किंवा घरघर लागते, असं असेल तर ती वस्तू बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. नुसतं कफाच्या भीतीने सगळं बंद करू नका. दुधाने-केळीने दमा वाढतो असं नाही. किटवर पैसे घालून पोषण द्यायचं आणि ताटातलं दही-केळ काढून घ्यायचं, याला काय म्हणावं? अंडी खात असाल तर अंडी, नाहीतर डाळ, शेंगदाणे, मेथी-शेपू, ऋतूतलं फळ. वजन फार वाढू देऊ नका, जाड मुलांचा दमा आटोक्यात यायला जड जातो.

मांजराकाठ

आता हुरड्याचे दिवस आहेत, तेवढं सांगतो. हुरडा खाऊ द्या, पण आगटीपासून लेकराला लांब बसवा. धूर एक, आणि कणसं चोळताना उडणारं कूस दुसरं. दोन्ही थेट छातीत जातात.

दुधनाकाठ ताई, एक विचारू? दिवाळीनंतरच छाती भरते म्हणालात. कापूस कुठं ठेवलाय?

दुधनाकाठ

घरातच. भाव वाढेल म्हणून थांबलोय. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग आहे. मुलगा आणि त्याचे आजोबा त्याच खोलीत झोपतात. लेकरं ढिगात लपाछपी खेळतात. आमच्याही अंगाला खाज येते. दर वर्षी थोडाफार असतोच, यंदा जास्त आहे.

मांजराकाठ

ताई, किटचं राहू द्या. आधी कापूस हलवा, नाहीतर लेकराला.

शिशुकक्ष

शंभर टक्के. धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच निघाली. कापसाची धूळ, त्यातला पाचोळा, बुरशी, हे सगळं तो रात्रभर आत ओढतोय, आणि सकाळी आपण पंप देतोय. कापूस हलवताना तो घरात नको, नंतर ओल्या फडक्याने खोली पुसून घ्या, झाडू मारू नका. चूल पेटवत असाल तर तिचा धूर, आजोबांची विडी, डासांची अगरबत्ती, तेही बघा. अंगणाच्या कडेचं गाजरगवत फुलायच्या आधी उपटा, तेही मोठ्यांनी, तोंडाला फडकं बांधून.

बिंदुसरा

आमच्याकडं पण कापूस घरातच असतो. ह्याचा विचारच कधी केला नव्हता.

हरबरा

हलवायचा कुठं पण? चोरीचं काय? भिजला तर काय? बोलायला सोपं आहे.

बालाघाट

हरबरा, प्रश्न रास्त आहे. आमच्या गावात दोघा-तिघांनी मिळून एका बंद पडलेल्या घरात ठेवला, एकाने तिथं झोपायचं. ते जमत नसेल तर निदान लेकराची झोपायची खोली बदला, मधला दरवाजा बंद ठेवा. त्याला एक पैसा लागत नाही.

निरोगी_जालना

२०२३ चा आढावा वाचला. मुलांच्या दम्यासाठी म्हणून मी ड यापुढं सुचवणार नाही. कमतरता असेल त्याला तपासणी करून देत राहीन. ताई, तुमच्या भाऊजींना सांगा, न उघडलेले डबे बहुतेक कंपन्या ठरावीक मुदतीत परत घेतात. पावती असेल तर चौकशी करा.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. मुलगा आता आमच्याजवळ मधल्या घरात झोपतो. कापूस पुढच्या आठवड्यात दिरांच्या गोठ्यात जाईल, ताडपत्री घेतलीय. किटचे बंद डबे परत केले. ड ची तपासणी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून करू.

सासूबाईंना शंभर पटीचा हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, मग कमी औषधच दे. पंपाला आता त्यांचा विरोध नाही.

आता शेवटचा प्रश्न. स्पेसरला मास्क लावून देते तर तो मान फिरवतो आणि औषध बाहेर जातं. काय करू?

शिशुकक्ष

आठ वर्षांच्या मुलाला मास्क लागत नाही. मास्क काढा, स्पेसरची नळी थेट दातांमध्ये धरून ओठ मिटायला सांगा. पंप हलवा, एक फवारा मारा, त्याने सावकाश पाच-सहा श्वास तोंडानेच घ्यायचे. दुसरा फवारा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम मारू नका. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकला वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, किंवा निळा पंप देऊनही उतार पडत नसेल, तर पंप देत देत थेट दवाखाना गाठा. रात्र असो की पहाट.

गोळीवाला

त्यात एक भर. पंप संपला की नाही हे पाण्यात तरंगवून बघतात, तसं करू नका, खरं कळत नाही. औषध संपलं तरी नुसता वायू फस्स करून येत राहतो. बहुतेक पंपांत २०० फवारे असतात, काहींत १२०, डब्यावर लिहिलेलं असतं. मोजणारा आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख मार्करने पंपावरच लिहा आणि रोजच्या फवाऱ्यांनी भागा. रोज दोन असतील तर २०० वाला तीन महिन्यांच्या वर जातो. शेवटचा आठवडा उरला की नवा आणून ठेवा.

गुरुजी_कळमनुरी

तारीख लिहायची ही युक्ती उद्याच शाळेतल्या डब्याला लावतो.